दहा बोटांचा देवजी

"डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली," कारकुनाने ओळखीची खूण वाचली आणि मालती ताडकन म्हणाली, "मग हे आमचे पणजोबा नव्हेत!"

गाव, वय, बोटीचं नाव, सगळं जुळत होतं. मजुरीसाठी मॉरिशसला आलेल्या कोकणी माणसांच्या त्या नोंदवहीत देवजी एकच होता, आणि त्याच्याच नावावरून घराण्याला देवजी हे आडनाव पडलं होतं. पण पर्समधल्या जुन्या फोटोत पणजोबा ढोलकी वाजवत होते. मालतीने भिंग धरून बोटं पुन्हा मोजली. चांगली दहा भरली.

"दुसऱ्याच्या कागदावर बोटीत चढणारेही असत, बाई," म्हातारा कारकून म्हणाला. "ज्याचं नाव लागलं तो ऐन वेळी आजारी पडला, तर घरातलंच कोणी त्याच्या जागी यायचं. थांबा, गावाकडे मागे कोण राहिलं तेही लिहिलंय." तो ओळीवरून बोट फिरवत गेला. "एकच धाकटा भाऊ. गुणाजी."

मालतीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. गुणाजी हे तिच्या आजोबांचं नाव. जन्मभर देवजी म्हणून वावरलेल्या पणजोबांनी ते आपल्या थोरल्या मुलाला ठेवलं होतं.

आजोबा हसत हसत सांगायचे ते तिला आठवलं. "बापू उसाच्या शेतातून दिवसभर मला हाका मारायचे. धावत जावं, तर म्हणायचे, काही नाही रे, नुसतं नाव घेतलं."