काशम्माची प्रत

मीनाबाईनं कापडी पिशवी सरांच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"घ्या सर, तुमचा माल. गल्लीतल्या समद्या बायकांकडनं गोळा करून आणलाय. एक पान बी कमी न्हाय."

महेश्वर सरांनी पिशवीत हात घातला. आतून झेरॉक्सचे जुडगे निघाले. एखाद्याला तंबाखूचा वास, एखाद्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट. प्रत्येकावर तोच इंग्रजी मथळा आणि त्याखाली सरांचं नाव. सगळ्यांत तळाशी एक स्टीलचा डबा होता.

"आणि हे काय?"

"शेंगाचटणी. दुसऱ्याची वस्तू परत करायची तर रिकामी पिशवी घेऊन कसं यायचं?"

शेजारच्या सभागृहात कॉलेजची वादविवाद स्पर्धा रंगात आली होती, आणि विषय मीनाबाईच्याच पोराचा होता. नवनाथ असले शोधनिबंध इंटरनेटवर टाकायचा. कुणीही या, फुकट वाचा. छापणाऱ्या कंपनीनं तक्रार केली आणि पोलीस त्याला घेऊन गेले. तेव्हापासून टीव्हीवर, पेपरात, चहाच्या गाड्यावर तीच चर्चा. कुणाला तो शूर वाटायचा, कुणाला चोर. मीनाबाईला यातलं काहीच नको होतं. तिला पोरगं घरी पाहिजे होतं, बस्स.

भिंतीपलीकडून माइकवर एक मुलगी तावातावानं बोलत होती, "नवी पेठेतल्या दुकानातून साडी उचलली तर चोरी, मग संशोधन उचललं तर ती समाजसेवा कशी?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मीनाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

टेबलावर पोलिसांना द्यायचा सरांचा जबाब टाइप करून तयार होता. 'माझा निबंध माझ्या परवानगीवाचून वाटण्यात आला, याबद्दल माझी तक्रार आहे.' सही तेवढी राहिली होती. सरांनी सही केली तर पोरगं लवकर सुटायचं नाही, असं वकिलानं तिला बजावलं होतं.

"अहो बाई, असं परत आणून दिल्यानं केस मिटत नाही," सर म्हणाले.

"का न्हाय? मागं आमच्या गल्लीतल्या एका पोरानं सायकल पळवली होती. त्याच्या आईनं ती मालकाच्या दारात नेऊन लावली, हात जोडले. मालकानं तक्रार मागं घेतली की."

सरांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. "गल्ली कुठली तुमची?"

"विसरलात व्हय सर? आमच्या दारात आला होता की तुमी. बिड्या वळता वळता उठवलं आमाला, आन् छाती तपासायची म्हणून नळीत फुकायला लावलं. दम लागस्तवर फुकलं आमी. रिपोर्ट येईल म्हणला होता."

सरांनी हातातलं जुडगं उघडलं.

"त्यो काय आला न्हाय. मग नवनाथनं ह्ये शोधून आणलं, सगळ्या बायकांना बसवून समजावून सांगितलं. तवापासनं आमी कोंदट खोलीत वळत न्हाय. दारात बसतो, तोंडाला फडकं बांधतो. काशम्माचा खोकला लई कमी झाला." एवढं बोलून तिनं जीभ चावली. चोरीचा माल वापरल्याचं आपणच सांगून बसलो, आता काय करावं? "म्हंजे, वापरलाय सर. पर खराब न्हाय केला."

सर पानं उलटत होते. एका आलेखापाशी ते थांबले आणि त्यांनी चष्मा वर केला.

"हा असा छापला होय!"

"तुमी बघितला न्हवता?"

"हा ज्यात छापून आला, ते मासिक घेणं कॉलेजनं बंद केलं. छापून आलेलं मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतोय."

त्यांनी पेन उघडलं. मीनाबाईनं पुन्हा हात जोडले. "सर, पाया पडते. तेवढी सही नका करू."

"नाव सांगा."

"नवनाथ..."

"त्याचं नको. तुमचं."

"मीनाबाई."

सरांनी सगळ्यात वरच्या प्रतीवर मराठीत लिहिलं, 'मीनाबाई यांना सप्रेम भेट', आणि खाली सही ठोकली. "मी माझ्या हातानं दिलेल्या प्रतीला कोण चोरी म्हणतंय ते बघू. जबाबही नवा लिहितो. माझी काही तक्रार नाही म्हणून. पुढचं नाव?"

मीनाबाईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. डोळे पुसत ती नावं सांगू लागली. गोजरबाई. चंद्रव्वा. प्रत्येक नावाला सर क्षणभर थांबायचे, मग लिहायचे. निबंधात या बायकांना त्यांनी नुसते आकडे दिले होते. सही झालेली एकेक प्रत पुन्हा पिशवीत जात होती. टाइप केलेला जबाब चटणीच्या डब्याखाली पडून होता, आणि त्यावर तेलाचा गोल उमटला होता.

शेवटची प्रत मात्र सरांनी हातातच ठेवली. जरा घुटमळून, एखाद्या पोरानं मागावं तसं ते म्हणाले, "ही एक मी ठेवून घेऊ का?"

मीनाबाई मोठ्या पेचात पडली. ज्यानं पोराला वाचवलं त्याला नाही कसं म्हणायचं? पण हो तरी कुणाच्या जिवावर म्हणायचं?

"ठेवा म्हणले असते सर," ती चाचरत म्हणाली, "पर ती काशम्माची हाय. ती द्यायलाच तयार न्हवती. तांदळाच्या डब्यात लपवली होती, तितनं ओढून काढलीय मी. तिला इचारावं लागंल."