घरबसल्या होणारं काम

"वेबसाइट तयार प्लॅटफॉर्मवर करायची, का तू सगळी नव्यानं बांधणार? आज एकच सांग." आकाराम पाटलांनी असं विचारलं आणि मागं चटणीच्या पुड्या भरणाऱ्या त्यांच्या मुलीचे, पूर्णिमाचे, हात थांबले.

नव्यानं बांधायची म्हटलं, तर संघर्ष कांबळेला कोल्हापूरहून गडहिंग्लजला यायला वर्षभर निमित्त मिळणार होतं. बापाच्या पाठीमागून पूर्णिमा मान हलवून तेच सांग म्हणत होती. संघर्षनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"तयार प्लॅटफॉर्म घ्या, काका. तुमच्या चटणीला तेवढा पुरे. दर, फोटो सगळं पूर्णिमाच मोबाइलवरनं बदलेल."

"म्हंजे तू परत यायची गरज न्हाय?"

"न्हाय."

पूर्णिमाच्या हातातली पुडी खाली पडली आणि चटणी फरशीवर सांडली. आकारामांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्यांची नजर संघर्षवर होती.

"मग नुसतं विचारायला सारखा यस्टीनं कशाला येत हुतास? हे काम फोनवर हुतंय, एवढं मलाबी कळतंय की."

आता मात्र संघर्षनं पूर्णिमाकडं बघितलं.

"तयारच घेऊ," म्हणत आकाराम उठले. दारापर्यंत जाऊन थांबले. "आन् रविवारी ये. एकटा नको, आईबापास्नी घेऊन ये."