मोडलेल्या साखरपुड्याची कथा

सुकदेवनानांनी मुलीच्या मोडलेल्या साखरपुड्यावर कथा लिहिली आणि भीतभीत तिच्याच हातात दिली. कथेतली मुलगी गोठ्यामागे जाऊन, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडत होती.

पुनम वाचता वाचता हसली. "नाना, ही मी नाही. सावद्याहून मुलाकडच्यांचा नकाराचा फोन आला, तेव्हा मी जमलेल्या भाऊबंदांना वरण-बट्टी वाढत होती. एकालाही उपाशी जाऊ दिलं नाही."

"खोटंच उतरलंय मग. मला जमतच नाही. फाडून टाकतो."

"फाडता कशाला? रडणं अगदी खरं आहे, मी खिडकीतून पाहिलं होतं. फक्त मुलीच्या जागी बाप लिहा. आणि त्याचं नाव बदलू नका, नाना. माझा बाप आहे तो."