कणकुंबी काही लागेना

"लागलं न्हाय!" सूरजनं कपाळावर हात मारून घेतला. लॅपटॉपवर पुन्हा तीच लांबलचक लाल ओळ आली होती. कनेक्शन तुटलं, एवढंच ती सांगत होती. का तुटलं, हे सांगायची तिला काही गरज वाटली नव्हती.

"अरे, आठवडाभर ठोकतोयस," खालून नीलाकाकू ओरडल्या. बेळगावच्या कॅम्पात त्यांच्याच माडीवर तो भाड्यानं राहायचा. "एवढ्यात चालत कणकुंबीला जाऊन परत आला असतास!"

कणकुंबीला जायला लागू नये म्हणून तर हा सगळा उद्योग चालला होता. तिथं रानाच्या कडेला त्याची आई मनुबाई गावची दूध डेअरी चालवायची. दुधाची नोंद कम्प्युटरवर, आणि तो कम्प्युटर नव्या सुनेसारखा दर दोन दिवसांनी रुसायचा. रुसला की सूरजनं गाडी काढायची, जांबोटी ओलांडून रानातनं जायचं, कुठलंतरी एक बटण दाबायचं आणि अंग मोडून घेऊन परत यायचं. आता बेंगळूरच्या कंपनीनं त्याला नोकरी देऊ केली होती. जायला तो एका पायावर तयार होता, पण दुसरा पाय डेअरीत अडकला होता. लांबून तो कम्प्युटर चालवता आला, तरच जाणं शक्य होतं. येतो का नाही, हे आज सातच्या आत कळवायचं होतं.

अशी सॉफ्टवेअरं तयार मिळतात. पण मनुबाईचा कम्प्युटर इतका म्हातारा, की तयार सॉफ्टवेअर त्याच्या उंबऱ्यावरनंच माघारी फिरायचं. मग सूरजनं एकाचा मूळ कोडच उतरवून घेतला आणि त्या म्हाताऱ्याच्या मापाचं सॉफ्टवेअर घरीच बांधायला घेतलं. तिथं त्याची खरी जिरली. एक लायब्ररी आणून घातली, तर ती म्हणाली, माझी बहीण कुठाय? बहिणीला आणलं, तर ती म्हणाली, मी हिच्यापेक्षा जुनी, मी हिच्या पंगतीला बसणार नाही. लग्नघरातल्या मामींसारखी एकेकीची समजूत काढून झाली, तोवर लॅपटॉप असा तापला की नीलाकाकूंनी त्यावर पापड भाजून घेतले. दोन्ही बाजूंनी खरपूस निघाले म्हणे. शेजारीपाजारी खाऊन आलेत.

रविवारी सूरजनं स्वतः जाऊन ते डेअरीत बसवलं. आपलाच लॅपटॉप शेजारी ठेवून भर दुपारी चालवून बघितलं. झकास चाललं. आईला नीट समजावलं, "दूध घालून झालं की सांजच्याला मी बेळगावातनं बोलावणार. पडद्यावर चौकोन येतोय. सूरज आत येऊ का, म्हणून इचारतोय. हिरवं बटण म्हंजे ये, लाल म्हंजे नको. कळलं?"

"कळलं की. न कळायला काय झालं?"

आणि बेळगावात आल्यापासून एकदाही लागलं नव्हतं. रोज दिवेलागणीला तो एकदा बघायचा, लाल ओळ. खात्रीला दुसऱ्यांदा बघायचा, लाल ओळ. मग बांधलेलं सगळं मोडायचं. पोर्ट बदल, किल्ली बदल, सेटिंगची फाइल उलटीपालटी कर आणि परत पहिल्यापासून बांध. तोवर तिकडं डेअरी बंद झालेली असायची. डेअरीत कम्प्युटरला तारेचं इंटरनेट होतं, पण फोनला रेंज नाही. मनुबाई डेअरी बंद करून पुलापाशी यायची, तेव्हा कुठं बोलणं व्हायचं.

"बटण दाबलीस काय?"

"दाबलं की रं."

म्हणजे आई बरोबर, खोट कोडातच. पुन्हा मोडायचं.

आज शेवटची संध्याकाळ. पहिल्यांदा लाल. दुसऱ्यांदा लाल. सूरजनं तोंडात आल्या तेवढ्या मराठी शिव्या दिल्या, त्या संपल्यावर कानडीतल्या दिल्या. मग कंपनीला लिहायला घेतलं, माफ करा, मला जमणार नाही. पाठवायच्या बटणावर बोट नेलं आणि फोन वाजला.

"काय रं, आज बी लागलं न्हाय?" मनुबाई पुलावर आली होती.

सूरजचा तोल गेला. "आई, एक खरं सांग. तुला मी जायलाच नको हाय. व्हय का न्हाय?"

"मला? अरं, गावभर सांगून झालंय माझं, पोरगा बेंगळूरला चाललाय म्हणून! शेजारच्या भावकूच्या बायकोनं पोरगी बी बघून ठेवलीया."

"मग रोज दाबतीस ते बटण कुठलं?"

"लाल."

सूरज असा ओरडला, की खालपर्यंत ऐकू गेलं. "आई! चौकोनात माझं नाव असतंय की गं!"

"म्हणून तर! दिवेलागणीनंतर रानाकडनं वळखीच्या नावानं हाक आली तर ओ द्यायची न्हाय, हे बारक्यापणी तुला दाराआड धरून शिकवलोय की. रानातलं भूत बी आपल्याच माणसाचं नाव घेतंय, आपल्याच माणसाचा आवाज काढतंय. पर त्याला दोनच हाका मारता येतात. माणूस असलं तर तिसरी मारतंय." आता मनुबाईचाच आवाज चढला. "दोनदा लाल दाबून हिरव्यावर बोट ठेवून रोज बसायलोय मी. मारलास कवा तू तिसरी हाक?"