सरदाराच्या ढालीवरचा लांडगा

नवरा गेल्यावर गेंटमधलं ढाली रंगवायचं दुकान मी आणि धाकटे दीर विनांड चालवत होतो. सरदार रेम्बोल्टच्या ढालीवर मी चाल करून जाणारा काळा लांडगा काढला. सकाळी बघते, तर त्याची मान मागे वळलेली. ही तर पळपुट्याची खूण! सरदाराने आम्हाला जिवंत सोडलं नसतं.

"भावोजी, दुकान हवंय तर सरळ मागा. माझं काम कशाला बिघडवता?"

"वहिनी, मला लांडगा काढता आला असता, तर तुमची बोलणी खात इथे बसलो असतो का?"

तरी माझा संशय जाईना. मी मान पुन्हा सरळ रंगवली, कुलूप लावलं आणि त्यांना बरोबर घेऊनच चर्चमध्ये गेले. प्रार्थनेतही त्यांच्यावरची नजर हलवली नाही.

परतलो, तर लांडगा सरळ होता. मी हुश्श केलं.

"वहिनी," भावोजी कुजबुजले, "भिंतीकडे बघा."

भिंतीवरच्या जुन्या ढालींवरचे हरीण, रानडुक्कर, बगळा, सगळे दाराकडे पाठ फिरवून उभे होते. त्यांचा रंग मात्र तसाच होता, जुना, सुकून तडकलेला.

बाहेर घोडा थांबला.

"ढाल झाली का?" सरदाराचा आवाज आला.

मी लांडग्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटून घेतले होते.