सामाईक भिंतीवरचा पॉइंट

फ्रीजचा पॉइंट बंद पडला त्यात बळीरामाचं जाण्यासारखं काय होतं, तर पाच किलो कोलंबी. मिळण्यासारखं होतं ते महिनाभर चाललेल्या वादातलं शेवटचं वाक्य. सौदा त्याला परवडत होता.

वाद सख्ख्या भावावरून होता. रविवारी लेकीचा, संजनाचा साखरपुडा, आणि "भावजींना आवतन धाडा" हे बायकोचं, कृष्णाबाईचं रोजचं पालुपद. भुईगावातलं बापाचं घर मधोमध भिंत घालून वाटलं, तेव्हा विहिरीकडची बाजू धाकट्या जयवंताला गेली. त्याला तेरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघा भावांत शब्द नाही. आता जयवंतानेच वायर कापली हे उघड झालं, की आवतणाचा विषय संपला.

"बाकी सगळं चालू हाय," बळीराम बोटांवर मोजत म्हणाला. "बत्ती चालू, पंखा चालू, मिक्सर चालू. बंद काय, तर मधल्या भिंतीवरचा हा एकच पॉइंट. आनि भिंतीपलीकडं राहतो कोन?"

"बाबा, मी बाहेरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन लावते," संजना म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"हात लावायचा नाय. ऑस्टिनला येऊ दे. जसं हाय तसं त्याला बघू दे."

"आनि कोलंबी?" कृष्णाबाईने विचारलं. पहाटे पाचूबंदरला जाऊन, लिलावात धक्के खाऊन तिने ती आणली होती. उद्या व्याह्यांना वाढायची होती.

"बर्फ घाल."

"बर्फ कुठनं आनू? ह्याच फ्रीजमधनं?"

बळीरामाला ते ऐकू आलं नाही.

ऑस्टिन गावातलाच वायरमन, हाक मारली की येणारा. त्याने पॉइंटमध्ये टेस्टर घातला. दिवा लागला नाही. बोर्ड उघडला, स्क्रू आवळले, पुन्हा बघितलं. बळीरामाच्या मीटरशेजारचे सगळे स्विच वर होते. मग तो शिडीवर चढला, छताजवळची जुनी लाकडी पट्टी त्याने सोडवली आणि वायरीच्या मागे मागे नजर नेली. वायर सरळ मधल्या भिंतीच्या भोकात शिरली होती.

"गेली ना तिकडं?" बळीरामाने खालून विचारलं. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशीही तो इतका खूश दिसला नव्हता.

"गेली," ऑस्टिन म्हणाला. "काका, वाटणीनंतर तुम्ही नवीन मीटर घेतला, तेव्हा वायरिंग कोणी केलं?"

"होता एक. स्वस्तातला."

"हं. आणि बिल कसं येतं?"

"त्याच्यापेक्षा कमी. कवाही बघ." बिल वाटणारा दोन्ही घरांची बिलं ओट्यावर टाकून जायचा आणि बळीराम दोन्ही वाचायचा. "तिकडं दोनच मानसं, पोरगा विरारला, तरी बिल आमच्या वर. उधळेपना, दुसरं काय. वीज वापरायला पन अक्कल लागते."

ऑस्टिन हसला नाही. खाली उतरून त्याने शिडी मिटली. "पलीकडे जाऊन बघावं लागेल."

"काका-काकी घरी नाहीत," संजना म्हणाली. "तासाभरापूर्वी रिक्षाने गेले, बॅग घेऊन. विरारला मितेशदादाकडे. सोमवारी येणार म्हणे."

बळीराम बायकोकडे वळला. "पॉइंट कवा बंद पडला?"

"तासच झाला असंल."

"कापली नि पळाला. म्हनला असंल, मला आवतन नाय, तर तुमचा माल सडू दे. आता बोल."

कृष्णाबाई फडकं ओलं करू लागली.

"उद्या त्या दारात कुनी जायचं नाय. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली, आणि कोलंबीवर ओलं फडकं टाकायला आत गेली.

बळीरामाचं काम खरं तर इथेच झालं होतं. पण जिंकलेला माणूस साक्षीदार शोधतो. त्याने समोरच्या रेजिनाबाईंना हाक मारली, ऑस्टिनला घेतलं आणि जयवंताच्या कुलूप लावलेल्या दारासमोर उभा राहून दोघांना सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. रेजिनाबाई झाडू हातात धरूनच ऐकत होत्या.

"बळीरामभाऊ, जयवंत असला नाय हो," त्या म्हणाल्या.

"तुमच्या भिंतीला भिंत नाय, म्हनून तुम्हाला वाटतं."

तेवढ्यात गल्लीत रिक्षा वळली. जयवंत एकटाच उतरला. शर्ट पाठीला चिकटलेला, किल्ली हातातच. त्याने भावाकडे पाहिलं नाही. रिक्षावाल्याला "थांब जरा" म्हणाला आणि कुलूप काढून आत गेला.

"बघा," बळीराम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला, "पुरावा मिटवायला परत आला."

आत खट् झालं. पाठोपाठ बळीरामाच्या घरातून कृष्णाबाईचा आवाज आला, "चालू झाला. अहो, फ्रीज चालू झाला."

"ऐकलंत?" बळीरामाने रेजिनाबाईंना विचारलं. "ह्याचा हात लागला नि चालू झाला. अजून काय पायजे?"

जयवंत बाहेर येऊन पुन्हा कुलूप घालू लागला.

"जयवंतकाका," ऑस्टिनने विचारलं, "तुम्ही विरारला निघाला होतात ना?"

"मानिकपूरला उतरलो तवा ही सांगते, मेन स्विच बंद करून आले," जयवंत कुलूप ओढून बघत म्हणाला. "तिला तिथंच बसवली नि फिरलो. दादाचा फ्रीज आमच्या मीटरवर हाय, वाटनीपासून. तेरा वर्सं चालवला, आता पोरीच्या साखरपुड्यालाच कसा बंद ठेवू?"