तापाचा अंदाज

“काल तीस आणि आज एकतीस? ताई, हा एकतिसावा कोण?” अनिलने फोनवर विचारलं.

पलीकडे हाजरा होती. पूर्णगडाजवळच्या एका मोहल्ल्याची ती आशासेविका. तापाने किती माणसं पडली आहेत हे रोज संध्याकाळी मोबाइलवरून कळवायचं, हे तिचं काम.

“बाई हाय एक,” ती म्हणाली. “साहेब, पथक धाडा. नुसत्या गोळ्यांनी भागत नाय आता.”

“बाईला नाव असेल ना?”

“वहीत लिवलंय.”

अनिल हसला. लेप्टोच्या तापाचा अंदाज बांधणारं संगणकावरचं मॉडेल त्याने रत्नागिरीच्या कचेरीत बसून स्वतः उभं केलं होतं. पाऊस, भातखाचरं, गुरं, उंदीर, गावोगावचे आकडे, सगळं पोटात घेऊन ते पुढच्या आठवड्याचा ताप सांगे. पूर्वी एखाद्या गावाची माहिती आली नाही की ते अडून बसायचं. अनिलने तीही खोड मोडली. डॉक्टरांचं पथक एकच, आणि मॉडेल बोट दाखवील तिकडे ते जाणार. त्यामुळे जो तो आपलंच घोडं पुढे दामटतो, अशी त्याची पक्की समजूत होती.

“आकडे फुगवलेत तर काम जाईल,” एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्याच्या रकान्यात शून्य होतं. तिसऱ्या दिवशीही शून्यच.

“एका रात्रीत एकतीस माणसं खडखडीत बरी!” अनिलला भलताच आनंद झाला. “पितळ उघडं पडलं बाईचं. जरा दम दिला तर बोलती बंद.”

“घाबरली असेल बिचारी,” शेजारच्या टेबलावरची दीपाली म्हणाली. “मग पथक कुठे धाडायचं?”

“राजापूरला.”

पथक राजापूरकडे गेलं. अनिलने हाजराला नोटीस धाडली: खोटे आकडे का कळवले, सात दिवसांत खुलासा करा. अशी खमकी माणसं हवीत, म्हणून वरच्या साहेबांनी त्याची पाठही थोपटली.

आठव्या दिवशी ती नोटीस हातात घेऊन हाजराचा नवरा सुलेमान कचेरीत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही.

“ह्याचा जबाब कोण लिवणार, साहेब?” तो म्हणाला. “तुमच्याशी बोलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, असरच्या नमाजाआधी गेली ती. तिच्या मागनं आणखी नऊ जनाजे उठले.”

त्याने पिशवीतून तिची वही काढून टेबलावर ठेवली. एकतीस नावं होती, वयासकट, ताप कधीपासून त्या तारखांसकट. शेवटचं नाव हाजराचं स्वतःचं होतं.

अनिलने पान उलटलं. पुढचं कोरं होतं, त्याच्या पुढचंही. आकडा आला नाही तर अडून बसू नकोस, रिकाम्या रकान्यात शून्य भर, हे मॉडेलला त्यानेच शिकवलं होतं.